स्पीकरसमोरून उठून तबल्यामागं बसताना

लातूरला आमच्या घरी दहा बाय बाराची एक खोली आहे. तिच्यात दोन बुकशेल्फ स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर, वडिलांचा चार गतींचा जुना रेकॉर्ड प्लेअर आणि भिंतीला लागून रेकॉर्डींची दोन कपाटं. वीस वर्षं मी या खोलीत बसून ऐकत आलेय. स्पीकर भिंतीपासून किती पुढं घेतले की खर्ज मोकळा होतो, कुठल्या रेकॉर्डीत तंबोरा डावीकडं आहे, सगळं पाठ. त्रेचाळिसाव्या वर्षी तबला शिकायचं ठरवलं आणि गुरुजी पहिल्यांदा घरी आले, तेव्हा मी हौसेनं माझी सगळ्यात आवडती रेकॉर्ड लावली. मध्यलय त्रिताल. त्यांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "लई छान वाजायलंय. आता सम दाखवा बरं."

सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पहिला ठोका. मी हात दिला, तिथं खाली होती, जिथं टाळी न देता हात नुसता हलवतात. म्हणजे बरोबर उलट, नवव्या मात्रेवर.

शंभरदा ऐकलेली रेकॉर्ड होती ती. मी तिच्यातला गायकाचा श्वास ओळखत होते, पण सोळा मात्रांचं आवर्तन कुठं सुरू होतं हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी कळलं की आपण ऑडिओवाले आवाज ऐकतो, वेळ ऐकत नाही. तुमच्याकडं चांगली सिस्टीम असेल, कान तयार असेल आणि आता हातात वाद्य घ्यावं असं वाटत असेल, तर पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी लिहितेय. कान आहेच, त्याला काळाकडं वळवायचंय.

मी तबल्याबद्दल लिहिणार, कारण मी तोच शिकते. पेटी शिकणार असाल तर एक सूचना. पेटीचे सूर समान अंतरांवर लावलेले असतात. त्यामुळं तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. चांगल्या स्पीकरवर तंबोरा ऐकून कान लागलेल्या माणसाला हे टोचतं. आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी घातली होती, तिच्यामागं जे आक्षेप होते त्यातला एक हाच. तरी पेटी शिका. टोचतंय म्हणजे कान जागा आहे, वाद्य सदोष आहे असं समजून ते बदलत बसू नका.

आधी गुरू, मग वाद्य. आमच्याकडं तबल्याचा क्लास शोधायला पाटी बघत फिरायची गरज नसते. गावात सप्ताह बसला की जा, पखवाज वाजवणाऱ्याशेजारी बसा, कीर्तन संपल्यावर विचारा की कुणाकडं शिकलात. मराठवाड्यात पखवाजाची परंपरा जिवंत आहे. शंकरबापू आपेगावकरांचं नाव घेतलं की अंबाजोगाईपासून नांदेडपर्यंत माणसं कानाला हात लावतात. मला माझे गुरुजी असेच मिळाले, औशाला नाथ संस्थानातलं चक्रीभजन ऐकायला गेले होते तेव्हा. व्हिडिओवरून बोल (ठोक्यांची 'ना', 'धा' अशी अक्षरं) कळतात, मनगट कळत नाही. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी समोर बसून तुमचा हात बघायला हवा. एवढ्यावर मी अडून बसेन, बाकी सगळं कमीजास्त चालतं.

वाद्य घेताना मी चूक केली ती अशी. सिस्टीमचे भाग आपण कागदावरचे आकडे आणि फोटो बघून मागवतो, तसाच मी तबलाही घरपोच मागवला. फोटोत देखणा होता. आला तो हलक्या लाकडाचा, आणि गजऱ्याला, म्हणजे कातड्याच्या कडेच्या विणीला, हातोडी लावली की दोन घरांवर (कडेच्या सोळा भागांपैकी दोनांवर) सूर चढायचा, समोरच्या दोनांवर जागचा हलायचा नाही. परत घेतला नाही त्यांनी. आठ महिने मी त्याच्याशी झगडले आणि माझाच हात वाईट आहे असं समजत राहिले. गुरुजींनी त्यांचा तबला पुढं सरकवला, त्यावर माझाच 'ना' स्वच्छ वाजला, तेव्हा उलगडा झाला.

म्हणून दुकानात स्वतः जा, शक्यतो वाजवणाऱ्याला घेऊन. दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, उचलून बघा. शिसमाचा असेल तर आकाराच्या मानानं जड लागतो. चाटेवर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या पट्टीवर, एकाच बोटानं, एकाच जोरानं, गोल फिरत सोळाही घरांवर 'ना' वाजवा. इथं तुमचा ऑडिओचा कान खरा कामाला येतो. सूर कुठं खाली-वर होतोय, कुठं नादाची शेपटी तुटतेय, हे तुम्हाला दुकानदाराच्या आधी कळेल. शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या गोलावर, बारीक भेगांचं जाळं दिसेल, ते बघून घाबरू नका, शाई तशीच असते. मात्र वाजवताना कुठं खरखर आली तर शाईचा तुकडा सुटलाय, तो तबला ठेवून द्या. नवशिक्यानं साधारण साडेपाच इंच तोंडाचा घ्यावा. तोंड जितकं लहान तितका सूर चढा. डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा, पितळी किंवा तांब्याचा. सोबत दोन चुंबळी, एक हातोडी, पावडरचा डबा. झालं, एवढंच. माईक, इंटरफेस, नवे हेडफोन यातलं काहीही पहिल्या वर्षी घेऊ नका. ही सवय मोडायला मला जड गेलं. वाजवण्यात अडलं की मन आपोआप "याच्यापेक्षा बरा माईक कुठला" या वाटेनं पळतं, आणि एक संध्याकाळ रियाजाविना जाते.

तबला हे वाद्य आवाजाच्या माणसाला का भुरळ घालतं, याचं कारण शाईत आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. साध्या ढोलाच्या ताणलेल्या कातड्यातून जे उपस्वर निघतात ते मूळ सुराच्या 1.59 पट, 2.14 पट अशा वेड्यावाकड्या प्रमाणात असतात, म्हणून ढोलाला ठोका असतो, सूर नसतो. मधोमध शाईचं वजन आलं की तेच उपस्वर जवळजवळ 2, 3, 4 पटींवर येऊन बसतात, तारेच्या वाद्यासारखे. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली हे मांडलं. ऑडॅसिटी नावाचा फुकट प्रोग्रॅम संगणकावर असेल तर एक 'तू' रेकॉर्ड करा आणि त्याचा स्पेक्ट्रम उघडून बघा. सारख्या अंतरावर उभी राहिलेली शिखरं दिसतात. मी बारावीच्या मुलांना दरवर्षी दाखवते.

आता खोली. आपल्याला ऐकायला चांगली वाटणारी जागा वाजवायला चांगली असतेच असं नाही. माझ्या खोलीची 12 फुटांची बाजू घ्या. तिच्यात 47 हर्ट्झच्या आसपास पहिला घुमारा येतो आणि 94 च्या आसपास दुसरा. डग्ग्याचा सूर साधारण याच भागात फिरतो. मी सुरुवातीला जागा वाचवायला कोपऱ्यात बसायचे, आणि डग्गा इतका घुमायचा की मनगट दाबून काढलेली मींड त्यात बुडून जायची. मला वाटायचं घुमक छान येतेय. ती खोलीची घुमक होती. भिंतीपासून चारेक फूट पुढं आले, पाठीमागच्या भिंतीवर आईनं शिवलेली जाड वाकळ टांगली, आणि पहिल्यांदा माझा डग्गा खरा कसा वाजतो ते ऐकू आलं. फार सपाट वाजत होता. वाकळीनं खर्ज शोषला जात नाही हे मलाही ठाऊक आहे, तिनं 'ना'ची भिंतीवरून येणारी टपटप तेवढी घालवली. खर्जाचं काम जागा बदलण्यानंच झालं. सबवूफर असेल तर रियाजाच्या वेळी बंद ठेवा.

लेहरा (आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी धून) किंवा तंबोरा स्पीकरवर लावा, तुमच्या तबल्यापेक्षा हळू. कान बंद करणारे हेडफोन घालून वाजवू नका, स्वतःचाच हात ऐकू येत नाही आणि माणूस नकळत जोरानं मारायला लागतो. शेजाऱ्यांसाठी हेडफोन लागलेच तर मागून उघडे असणारे घ्या. ब्लूटूथबद्दल बऱ्याच जणांचा घोळ होतो. ब्लूटूथ स्पीकरवर लेहरा लावून त्याच्यासोबत वाजवलं तर काही बिघडत नाही, कारण तो उशिरा आला तरी तुम्ही ऐकता त्याच्याशीच जुळवता. स्वतःचा माईकमधला आवाज ब्लूटूथ हेडफोनमधून ऐकत वाजवायला गेलात मात्र हात अडखळणारच. तिथं तार लागते.

सिस्टीमचा सगळ्यात मोठा उपयोग रियाजाच्या बाहेर आहे, ऐकण्यात. तीन युक्त्या सांगते.

पहिली, बॅलन्सचं बटण. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये पुष्कळदा तबला एका बाजूला ठेवलेला असतो. बॅलन्स पूर्ण त्या बाजूला फिरवा. गायक मागं सरतो, तबला एकटा पुढं येतो. हे बटण आपण एरवी कधी हलवत नाही. मी एक महिना रोज रात्री एकच रेकॉर्ड अशी ऐकली, बोटांवर मात्रा मोजत. टाळी, टाळी, खाली, टाळी. डग्गा कधी गप्प होतो त्याकडं लक्ष ठेवा. त्रितालात 'तिं तिं ता' येतं तिथं डग्ग्याचा घुमार थांबतो, आणि तीच खालीची खूण. मी पहिल्या दिवशी हात दिला होता तो याच शांत जागेवर, कारण तो बदल मला ऐकू येत होता, त्याचा अर्थ कळत नव्हता.

दुसरी, वडिलांचा प्लेअर. त्याला 16, 33, 45, 78 अशा चार गती आहेत. 33 ची रेकॉर्ड 16 वर लावली की वेग बरोबर निम्मा होतो, कारण या गती म्हणजे मिनिटाला 33⅓ आणि 16⅔ फेरे. आणि सूर बरोबर एक सप्तक खाली येतो. म्हणजे काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज काळी एकवरच राहतो, फक्त खालच्या सप्तकात. गायक राक्षसासारखा ऐकू येतो, पण 'तिरकिट'ची चार अक्षरं सुटी होऊन समोर येतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि एका मात्रेत चार अक्षरं कशी बसतात ते मला अक्षरशः दिसलं. या जुन्या प्लेअरची सुई जड असते, चांगली रेकॉर्ड तिच्याखाली घालू नका, आधीच चरे पडलेली एखादी घ्या. असा प्लेअर नसेल तर ऑडॅसिटीत सूर तसाच ठेवून वेग कमी करता येतो. काम तेच होतं.

तिसरी, एकल वादन नंतर, साथ आधी. झाकिर हुसेन यांचं एकल वादन ऐकून आपण तबल्याकडं ओढले जातो, मीही तशीच आले. पण शिकताना ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, ऐका. अहमदजान थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत साथीला होते. नाटकातल्या पदाला ठेका धरून बसणं काय असतं याचा विचार त्यांची जुनी रेकॉर्डिंगं ऐकताना करा. दहा मिनिटं नुसता ठेका ऐकून कंटाळा आला नाही, की समजा कान वळायला लागला.

हाताकडं येते. पहिले दोन आठवडे मी तबल्याला हातच लावला नाही, गुरुजींनी पढंत करायला लावली. टाळी देत तोंडानं म्हणायचं: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. कॉलेजला जाताना, भाजी चिरताना. तोंडात जे पक्कं नाही ते बोटात येत नाही. नंतर एकेक अक्षर. 'ना' साठी तर्जनी चाटेवर, अनामिका शाईच्या कडेवर हलकीच टेकलेली. ती उचलली की तो 'ना' राहतच नाही, करून बघा. 'तिं' लवेवर (चाट आणि शाई यांच्यामधल्या पट्टीवर), 'ति ट' शाईवर बंद. डग्ग्यावर मनगट टेकवून बोटांच्या टोकांनी 'घे', आणि 'धा' म्हणजे 'ना' आणि 'घे' एकदम. एकदम म्हणजे खरंच एकदम. माझा 'घे' केसभर मागं राहायचा आणि मला तो ऐकू यायचा, हे दुःख कान तयार असलेल्यांच्याच वाट्याला येतं. त्याला उपाय म्हणजे लय कमी करणं. मिनिटाला साठ मात्रा, त्याहूनही हळू, पंचेचाळीस.

मी जोर लावत होते. गुरुजी म्हणाले, "बाई, मारायलात कशाला? बोट पडू द्या, अन् लगेच उचला. नाद तुमचा नाही, कातड्याचा आहे." ते माझ्या हाताखाली त्यांचा हात धरून बसले, आणि माझं बोट पडलं की ते त्याला तळव्यानं वर उचलायचे. असं दहा-पंधरा मिनिटं चाललं. सोळाव्या की सतराव्या वेळी 'ना' असा सुटला की कपाटातल्या काचेच्या ग्लासानं साद दिली.

ठेका हातात बसल्यावर पहिला कायदा (जिचा पुढं विस्तार करतात ती बोलांची रचना) येतो: धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धिंना. बहुतेक सगळे याच्यापासूनच सुरू करतात. रोज चाळीस मिनिटं पुरतात, पण रोज. मी पहाटे साडेपाचला बसते. नळाला पाणी यायचा दिवस असला तर त्याच्या आधी उरकते.

रेकॉर्डिंगसाठी फोन पुरे. फक्त फोनचा साधा रेकॉर्डर आवाज स्वतःच वर-खाली करत राहतो, हळू आणि जोराचा फरक पुसतो, तेव्हा ही सोय बंद करता येईल असं अ‍ॅप वापरा. फोन समोर तीन फुटांवर, बसलेल्या ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर. पातळी उणे 12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, तबल्याचा ठोका अचानक उसळतो. लेहरा हळू चालू ठेवूनच रेकॉर्ड करा, म्हणजे तुम्ही कशाच्या पुढं-मागं गेलात ते कळेल. आणि त्याच दिवशी ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका आणि आवाज कसा आलाय याकडं बघू नका, आपला जीव लगेच तिकडंच जातो. ऑडॅसिटीत ठोक्यांची शिखरं दिसतात, त्यांच्यामधलं अंतर मोजा. साठच्या लयीत मात्रा बरोबर एका सेकंदाला पडायला हवी. मी लेहरा बंद करून वाजवलं आणि मोजलं, तर सोळा मात्रांच्या शेवटी जवळजवळ अर्धा सेकंद पुढं होते. 'तिट' आला की पळायचे. कानाला हे कधी जाणवलं नव्हतं, आणि मोजल्यावर तिसऱ्या आठवड्यात जाणवायला लागलं.

सूर लावायची भीती बाळगू नका. तंबोरा स्पीकरवर लावा, एक घर षड्जाला आणा, मग शेजारचं घर नाही, बरोबर समोरचं घ्या, नंतर त्याच्या काटकोनातली दोन. बारीक फरकासाठी गजऱ्यावर हातोडी, मोठ्या फरकासाठी वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे. आमच्याकडच्या हवेचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पुडी (तबल्याचं कातडं) ताणते आणि सूर चढतो, कूलरसमोर किंवा पावसाळ्यात ढिली पडून उतरतो. तबला कूलरच्या झोतात ठेवू नका आणि पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नको. मेमध्ये वाजवून झाल्यावर मी गठ्ठे थोडे वर घेते आणि जाड कापडाच्या गवसणीत ठेवते.

वर्षभरानं, त्रिताल, दादरा, केहरवा आणि भजनी ठेका हातात बसले की घराबाहेर पडा. लेहरा कधीच चुकत नाही, माणूस चुकतो, थांबतो, भरात येऊन लय वाढवतो, आणि तिथं तुम्हाला त्याच्याबरोबर जायचं असतं. गल्लीतल्या भजनी मंडळात पहिले चार आठवडे नुसते टाळ वाजवा. तबल्यावर बसवतील त्या दिवशी हातोडी घरून न्या, मंडळातली कधीच जागेवर नसते. बसल्याबरोबर पेटीवाल्याकडं षड्ज मागा. आमच्या मंडळातले बुवा काळी एकमध्ये गातात, घसा बसला असेल तर पांढरी एकमध्ये, आणि ते आधी सांगत नाहीत.